सासूबाईंची साखर

ह्यातल्या एकाही शब्दावर तुमचा विश्वास बसणार नाही, लावा पैज. बसलाच तर समजा, माझी जीभ म्हातारी झाली.

इस्त्रीशेठचा तर मुळीच बसणार नव्हता. माझ्या शिवणाच्या दुकानासमोर लोकांच्या कपड्यांवर इस्त्री फिरवतो, तो हा माणूस. एरवी येतो तो दारातूनच टोमणे मारत. त्या दिवशी आला, बारीक सुयांचं एक खोकं माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवलं आणि स्टुलावर मटकन बसला.

“मास्तर, आमच्या बोक्याला साखर निघाली.”

“अरे वा! मग चहा त्याच्याच हातचा पाज.”

“थट्टा नको हो. सकाळ-संध्याकाळ सुई टोचायची म्हणतात, आणि तीसुद्धा घरीच. बायको म्हणते, मी टोचणार नाही. मुलगी म्हणते, मी त्या खोलीत थांबणारसुद्धा नाही. तुमच्या मांजरीला होती ना साखर? मी मधे गावी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. तुम्ही कसं निभावलंत?”

आत, पडद्यापलीकडे ताई काजं करत बसली होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. कापणं आणि मशीन माझ्याकडे, काजं, बटणं आणि तुरपाई तिच्याकडे. दुकान पुढे, घर मागे आणि मधे तो पडदा. शेठचा प्रश्न तिला ऐकू गेला असणारच. मी मशीनवरचा पाय काढला.

“इस्त्री बंद करून आलायस ना?”

“आलोय.”

“मग ऐक.”

आमच्या मांजरीचं नाव सासूबाई. ताईनं लग्न केलं नाही, आणि लोक तर विचारायचं सोडत नाहीत. एक दिवस तिनं कचऱ्याच्या पिंपामागून एक राखाडी पिल्लू उचलून आणलं आणि म्हणाली, “घे. आता कुणी विचारलं तर सांग, हिचं सासर घरीच आहे.” नाव असं शोभलं की काय सांगू. मी शिवलेल्या प्रत्येक कपड्यावर सासूबाई आधी बसून बघणार. पसंत पडला नाही तर केस ठेवून उठणार. पसंत एकही पडला नाही. गिऱ्हाइकांना मी सांगायचो, थंडीसाठी आतून लोकर लावून दिली आहे.

ताई माणसांशी कामापुरतं बोलते. उरलेलं सगळं त्या मांजरीशी. काजं करता करता दिवसभर चालायचं, हा दोरा बघ कसा कच्चा निघाला, ह्या बाईचा खांदा बघ कसा उतरलाय, धाकट्यानं बघ पुन्हा बाही उलटी लावली. मांजर डोळे मिटून ऐकायची. मी पडद्याच्या अलीकडून ऐकायचो, तेवढंच मला घरातलं कळायचं.

मग सासूबाईंना तहान लागली. तहान म्हणजे कशी? वाटी संपवली, तांब्या संपवला, बादलीत तोंड घातलं. नळ सुरू झाला की आधी मांजर, मग आम्ही. शेठनं कपड्यांवर शिंपडायला ठेवलेलं पाणी तिनं दोनदा पिऊन टाकलं.

“माझं पाणी? कधी?” शेठ म्हणाला.

“तुला कळलं नाही, इतकं सफाईदार काम.”

आणि जेवढं प्यायची तेवढं सगळं वाळूच्या ट्रेमध्ये. ट्रेभोवती मुंग्या लागल्या. आधी नुसती रांग, मग मिरवणूक, पुढे त्यांनी तिथंच बिऱ्हाड थाटलं आणि पाहुण्यांना मागच्या खोल्या भाड्यानं द्यायला लागल्या.

“मास्तर, फेकू नका.”

“बरं, खोल्या सोड. मुंग्या मात्र खऱ्या.”

खऱ्याच होत्या. ताई फडक्यानं त्या मुंग्या टिपत होती आणि खूश होती. “खाते बघ किती! ह्या वयात अशी भूक! तब्येत धरतेय.” मी मान डोलवून हो म्हणत होतो. पण गळ्यात मोजायची फीत असली की माणसाचा हात गप्प राहत नाही. एक दिवस सासूबाई टेबलावर पसरल्या होत्या, सहज कंबरेला फीत लावली. पुढं कधीतरी पुन्हा लावली तर बोटभर कमी. त्यानंतर लावली तर अजून बोटभर. दुप्पट खाणारं गिऱ्हाईक, आणि दरखेपेला कपडा आत घ्यावा लागतोय, असं ह्या धंद्यात मी एकदाच पाहिलं होतं. ते गिऱ्हाईक कोट न्यायला आलंच नाही.

ताईला मी हे सांगितलं नाही. तिला सांगितलं मांजरीनं. मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागली, म्हाताऱ्या माणसानं सपाता ओढत जावं तशी. टेबलावर उडी मारायची म्हणून खाली यायची, वर बघत उभी राहायची, आणि जरा वेळानं काहीतरी वेगळंच काम आठवल्यासारखं करून निघून जायची. ताईनं ते एकदा पाहिलं. तिला उचलून टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाली, “धाकट्या, चल.”

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात शांत. त्यांनी कानाला बारीक टोचून रक्ताचा थेंब काढला आणि यंत्राला पाजला. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही, नुसतं ‘जास्त’ असं लिहून हात टेकले. मी म्हटलं, बाई, यंत्राला खुर्ची द्या, चक्कर आली असेल. कुणी हसलं नाही.

“साखरेचा आजार आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण घाबरू नका. नीट सांभाळलं तर बऱ्याच मांजरी सावरतात. काहींची तर सुईसुद्धा सुटते.”

ताईनं एवढंच घट्ट धरलं, बऱ्याच सावरतात. बाकीचं मला ऐकावं लागलं. आधी खायला घालायचं, खाल्लं तरच सुई. बारा-बारा तासांनी, चुकवायचं नाही. औषधाची बाटली फ्रीजमध्ये. खळखळून हलवायची नाही, दोन तळव्यांत हळू लोळवायची. सुईवरच्या रेघांपैकी सांगितली तेवढीच भरायची. दाणेदार खाणं बंद, उकडलेलं मांस सुरू. आणि मांजर झिंगल्यासारखी चालली, झटके आले, तर समजायचं साखर फार उतरली. हिरड्यांना मध चोळायचा आणि तडक इकडे यायचं.

मग त्यांनी मानेमागची कातडी दोन बोटांत उचलली. “हे बघा, असा तंबू करायचा. सुई तंबूच्या आत जाऊ द्यायची आणि तिथंच—”

“बाई,” मी म्हटलं, “सुई धरायला मला शिकवता? मी डासाला सदरा शिवून दिलाय. काजांसकट. पुढं तो लग्नाला गेला त्यात.”

बाई हसल्या. बाहेर पुढचं कुत्रं भुंकून जीव खात होतं. ताई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. “अरे, दाखवतायत तर बघून घे ना नीट.”

“बघितलं,” मी म्हटलं. आणि आम्ही घरी आलो.

टोचणार मी, धरणार ताई, असं ठरलं. ठरवायचं काय त्यात? तिनं आयुष्यभर काजं पाडली, पण जिवंत कातडीला सुई लावायची म्हटलं की ती हात मागे घ्यायची. ती सासूबाईंना टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायची, तोंड भिंतीकडे फिरवायची आणि म्हणायची, “झालं की सांग.”

आता आमच्या धंद्याची रीत ऐक, शेठ. सुई आत गेली की पलीकडून बाहेर आलीच पाहिजे. आत गेलेली आणि बाहेर न आलेली सुई म्हणजे अर्धा टाका, आणि अर्ध्या टाक्याला माझ्या वस्तादानं कानफटात मारलेली आहे. हाताला ते इतकं मुरलंय की झोपेतसुद्धा गोधडीत सुई घातली तर पलीकडूनच काढीन. शिवाय अंगुस्तान. बोटाला टोचू नये म्हणून घालतो ते लोखंडी टोपण. एरवी ते उजव्या हातात असतं. सासूबाईंसाठी मी डाव्या हातात चढवलं, कारण कातडीची चुणी डाव्या बोटांत धरायची, आणि केसांच्या त्या रानात सुई कुठून निघेल कुणी सांगावं? चुणी धरली, सुई घातली, अंगुस्तानावर ‘टक्’ वाजलं की माझ्या मनानं पावती दिली, टाका बसला. मग मागचा दांडा दाबायचा. संपलं काम.

मांजर हूं की चूं करायची नाही. ताई तोंड वळवून बघायची. “झालं? अगं बाई, तिला कळलंसुद्धा नाही. तुझ्या हाताला गुण आहे हं.” मी अंगुस्तान फुंकून ठेवायचो, बंदूक ठेवावी तसं.

साखर उतरेना.

पुन्हा कान टोचला, यंत्र पुन्हा ‘जास्त’. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खाणं बदललंत? बदललं. वेळा पाळता? ताई म्हणाली, घड्याळ आमच्याकडे बघून वेळ लावतं. हे ताईचं वाक्य हं, माझं नाही. त्या काळात ती माझ्यासारखं बोलायला लागली होती, आणि मला ते आवडत नव्हतं. बाईंनी औषध एका रेघेनं वाढवलं. काही दिवसांनी आणखी एका रेघेनं. मग पुन्हा.

मधल्या बहिणीच्या लेकीकडे जायचं ठरलं होतं, ताईनं ते रद्द केलं. बारा तासांच्या पलीकडे आम्हाला गावच उरलं नाही. ती मांस उकडायची, हाडं काढायची, बोटांनी कुसकरायची, फुंकर घालायची, आणि सासूबाई खायच्या, आणि मी टक् वाजवायचो, आणि फीत बोटभर मागे सरकायची. शेवटी शेवटी ती इतकी हलकी झाली की टेबलावरचा पंखा लावला की रिळांच्या डब्यापर्यंत घरंगळत जायची.

हे ऐकून शेठ हसेल असं वाटलं होतं. तो सुयांच्या खोक्याकडे बघत होता.

एकदा ताईनं दवाखान्यात विचारलं, “तुम्ही म्हणाला होता, बऱ्याच मांजरी सावरतात.”

“बऱ्याच म्हणाले,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “सगळ्या नाही म्हणाले.”

घरी येताना टोपलीत तोंड घालून ताई मांजरीला सांगत होती, “तू बऱ्याचांतली हो गं. तुला काय जातं? आजवर माझं एक ऐकलं नाहीस, हे एक ऐक.” रस्त्यात माणसं बघत होती. मी त्यांच्याकडे बघून टोपी काढत होतो, जशी काही वरात चालली आहे.

माझ्या मनात तेव्हाच आलं होतं की हे कापड गेलं. कितीही टाके घाल, धरणार नाही. पण ताईला म्हणायचो, “उतरते, उतरते. मोठ्या घरची साखर आहे, जिना उतरायला वेळ लागतो.” ती हसायची. खोटं बोलायची माझी आयुष्यभराची सवय तेवढ्या दिवसांत तिच्या कामाला आली. तेवढीच.

मग तो दिवस. दुपारची वेळ. मी कोटाची कॉलर बसवत होतो. टेबलाखाली चिंध्यांचा ढीग असतो ना, सासूबाई त्यातून बाहेर यायला लागल्या आणि आडव्या झाल्या. उठल्या, पुन्हा आडव्या. मला वाटलं, दोरा पायात अडकला. मग मान मागे गेली आणि चारही पाय पळायला लागले, जागच्या जागी, आडवं पडून. एवढ्या दिवसांत त्या पायांनी तेवढं पळून दाखवलं नव्हतं.

“ताई!”

ताई मधाची बरणी घेऊनच आली. तिला सगळं पाठ होतं. बोटानं मध हिरड्यांना चोळत होती, आणि मांजरीचे दात तिच्या बोटावर आवळले गेले तरी काढत नव्हती. मी कोट तसाच टाकला, टोपलीत मांजर, आणि धावलो. ह्या वयात मी किती जोरात धावलो ते सांगितलं तर पुन्हा म्हणशील फेकतोय, म्हणून ते राहू दे.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घेतला. यंत्रानं ह्या वेळीही आकडा दाखवला नाही. ‘कमी’ असं लिहून गप्प झालं. बाईंनी पायाच्या शिरेतून साखरेचं पाणी दिलं, छाती चोळली, पुन्हा दिलं. ताई मांजरीच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होती, कामाचंच काहीतरी, दोऱ्याचं, बाहीचं. बाईंनी चोळायचं थांबवलं तरी ती सांगत होती. कुणी तिला थांबवलं नाही.

शेठनं तोंडावर हात ठेवला. “म्हणजे गेली?”

“गेली. तू काय समजलास, मी तुला सासूबाईंचं बारसं सांगतोय?”

“मला वाटलं, शेवटी काहीतरी... तुमच्या गोष्टीत नेहमी असतं.”

“ह्यात नाही.”

ताई बाहेरच्या बाकावर टोपली मांडीवर घेऊन बसली. डॉक्टरीणबाईंनी मला आत थांबवलं. एक टॉवेल घडी करून समोर ठेवला, रिकाम्या सुईत पाणी भरलं आणि म्हणाल्या, “काका, तुम्ही रोज कसं टोचत होता, ते मला एकदा दाखवा.”

मी खिशातून अंगुस्तान काढलं. टॉवेलाची चुणी धरली. सुई घातली. टक्. दाबलं. बाईंनी माझा डावा हात धरून उलटा केला. सुईचं टोक टॉवेलाच्या पलीकडे येऊन अंगुस्तानाला टेकलेलं, आणि पाणी माझ्या बोटावरून मनगटाकडे चाललेलं. टॉवेलाच्या आत थेंब नाही.

त्यांनी सुई माझ्या हातातून काढून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “औषध रोज केसांत जात होतं, काका. मांजरीला मिळतच नव्हतं. म्हणून साखर उतरत नव्हती, आणि उतरत नव्हती म्हणून मी वाढवत गेले. आज ते वाढवलेलं सगळंच्या सगळं आत गेलं.”

“केस ओले लागले नसतील का हो हाताला?” शेठनं विचारलं.

“अंगुस्तानाला ओलं-कोरडं कळतं का? आणि वास म्हणशील, तर मशीनच्या तेलानं माझं नाक केव्हाच मेलंय. ताई तोंड भिंतीकडे करून बसायची. तेव्हा शेठ, एवढं ध्यानात ठेव. टोचल्यावर उघड्या बोटांनी केस चाचप. ओले लागले, तर घाबरून दुसरी सुई मारू नकोस. त्या वेळची गेली ती गेली, डॉक्टरीणबाईंना विचार. आणि त्या दाखवतात तेव्हा तोंड बंद ठेव.”

शेठनं मान हलवली. खोक्यातली एक सुई काढून तिचं टोपण बघत बसला. पडद्यापलीकडे कात्रीचा आवाज चालूच होता, एकसारखा, काज पाडताना येतो तसा. मला वाटलं, आता हा उठेल. उठला नाही.

“मास्तर, एक विचारू? रागावू नका.”

“विचार.”

“रोज सुई आरपार जायची. मग नेमकी त्याच दिवशी आत कशी राहिली?”

हा प्रश्न आधी कुणी विचारला नव्हता. शेठ गावी असताना गल्लीत सगळ्यांना मी ही गोष्ट सांगितली, सगळे टॉवेलापाशीच चुकचुकून उठले. पण गोष्ट सांगणाऱ्याला अडायला परवानगी नसते.

“तीच तर गंमत आहे,” मी म्हटलं आणि आवाज जरा चढवला. “त्या सकाळी ताई घरात नव्हतीच. पांढरा दोरा संपला होता, ती रिळं आणायला गेली होती. घड्याळात वेळ झाली, मांजर खाऊन बसली, आणि धरायला कुणी नाही. मग काय करतो? सासूबाईंना मीच मांडीवर घेतलं. डाव्या कोपरानं असं दाबून धरलं, कातडी कशीबशी चिमटीत आली. अंगुस्तान शोधतोय तर सापडेना. नंतर कळलं, ते मुंग्या घेऊन गेल्या होत्या, त्यांना पाण्याची टाकी बसवायची होती. त्यामुळं बोट उघडं. उघड्या बोटाला टोचेल म्हणून मी सुई अर्ध्यातच थांबवली. आयुष्यात पहिल्यांदा अर्धा टाका घातला, शेठ. टक् वाजलं नाही. दाबलं, आणि सगळं आत गेलं. ताईचा ह्यात केसाइतकासुद्धा हात नाही. ती तर तिथं—”

कात्री थांबली. पडदा सरकला. ताई उभी होती, अर्धं काज पाडलेली बाही हातात.

“खोटं,” ती म्हणाली. “रिळं आणायला तू गेला होतास, धाकट्या. सुई मी टोचली. बाईंनी दाखवली होती, अगदी तश्शी.”